पूर्ताचे पुण्य कोणाचे?

धर्मशास्त्राने माणसाच्या पुण्यकर्मांची दोन मोठी दालने मानली आहेत आणि त्या दोहोंना मिळून ‘इष्टापूर्त’ असा जोडशब्द वापरला आहे. ‘इष्ट’ म्हणजे अग्नीत आहुती देऊन केलेले यज्ञकर्म. ‘पूर्त’ म्हणजे विहीर, बारव, तळे, देवालय, आमराई, अन्नछत्र अशी कामे, ज्यांत लोकांच्या उपयोगासाठी काहीतरी खणले, बांधले, लावले किंवा वाढले जाते. ‘पूर्त’ या शब्दाच्या मुळाशी ‘भरणे’ हा अर्थ आहे. हा जोडशब्द ऋग्वेदाइतका जुना आहे, कारण दहाव्या मंडलातील अंत्यविधीच्या सूक्तात मृताने परलोकी पितरांना, यमाला आणि आपल्या इष्टापूर्ताला जाऊन मिळावे अशी प्रार्थना येते. पुढच्या काळातील स्मृतींनी या दोन दालनांत एक महत्त्वाचा भेद केला. वैदिक यज्ञाचा अधिकार त्यांनी तीन वर्णांपुरता ठेवला, पण पूर्ताचा अधिकार शूद्रालाही दिला. ज्या धर्मव्यवस्थेने असंख्य दारे बंद केली, तिने तळे खणण्याचे दार उघडे ठेवले, ही गोष्ट पुढील विवेचनात पुन्हा पुन्हा आठवावी लागेल.

या व्याख्येच्या प्रकाशात पुण्यातील एका शिक्षणसंस्थेकडे पाहिले, तर एक खरा धार्मिक प्रश्न उभा राहतो. १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी कनिष्ठ नोकर तयार करणारा वर्ग म्हणून सुरू झालेली, पुढे मुंबई विद्यापीठाशी संलग्न झालेली, काही काळ ‘कॉलेज ऑफ सायन्स’ या नावाने आणि १९११ नंतर ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’ या नावाने ओळखली गेलेली, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच्या कक्षेत आलेली आणि २०२२ मध्ये स्वतःच राज्य विद्यापीठ झालेली ही संस्था दीड शतकाहून अधिक काळ स्थापत्य अभियंते घडवीत आली आहे. तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांनी धरणे, कालवे, पूल, नळयोजना आणि घरे बांधण्यात आयुष्ये घालवली. स्मृतिकारांनी पूर्ताची जी यादी दिली आहे, तिच्यातील बहुतेक कामे आधुनिक काळात याच वर्गाच्या हातून झाली आणि त्यांचे प्रमाण तर असे, की एखाद्या यादव राजाच्या किंवा होळकर राणीच्या कल्पनेतही ते आले नसते. मग पूर्ताचे पुण्य त्यांचे म्हणायचे काय? आणि त्यांचे नसेल, तर ते कोणाच्या पदरात पडते?

प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम ‘उत्सर्ग’ ही संकल्पना समजून घ्यावी लागते. तळे खणून झाले म्हणजे पूर्त पुरे होत नाही. बांधणाऱ्याने त्यावरील आपली मालकी विधिपूर्वक सोडावी लागते आणि या सोडण्याला उत्सर्ग म्हणतात. दान आणि उत्सर्ग यांत शास्त्रकारांनी बारकाईने फरक केला आहे. दानात देणारा एका विशिष्ट व्यक्तीच्या नावे आपले स्वत्व सोडतो आणि ती व्यक्ती ते स्वीकारते. उत्सर्गात सर्व प्राण्यांच्या नावे स्वत्व सोडले जाते, त्यामुळे स्वीकारणारा असा कोणी समोर नसतो. यातूनच एक मनोरंजक वाद निघाला, की तळे सोडून दिलेल्या माणसाने स्वतः त्या तळ्याचे पाणी प्यावे की नाही. उत्तर असे मिळाले, की प्यावे, कारण ‘सर्व प्राणी’ या शब्दांत तोही येतो. मात्र मालक म्हणून नव्हे, तर इतरांसारखाच एक म्हणून. सतराव्या शतकात नीलकंठभट्टांनी आपल्या धर्मनिबंधाचा एक संपूर्ण भाग, ‘उत्सर्गमयूख’, या विषयाला वाहिला, यावरून त्याचे महत्त्व ध्यानात येते. विधीतही ही कल्पना डोळ्यांना दिसेल अशी मांडलेली आहे. मंडप, होम आणि वरुणाची पूजा झाल्यावर एक गाय तळ्यात उतरवली जाते आणि यजमान तिची शेपटी धरून पाण्यातून तिच्या मागे जातो. ज्याने तळ्यासाठी पैसा ओतला, त्याने अखेरीस एका मुक्या जनावराच्या मागून, छातीभर पाण्यातून, त्याच तळ्याच्या पलीकडे निघायचे, ही या विधीची भाषा फार बोलकी आहे.

आता या चौकटीत अभियंता कोठे बसतो? येथे पूर्वमीमांसा, म्हणजे वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणारे दर्शन, अनपेक्षितपणे उपयोगी पडते. यज्ञात दोन प्रकारची माणसे असतात. ‘यजमान’ म्हणजे ज्याच्या संकल्पाने आणि ज्याच्या द्रव्याने यज्ञ होतो तो. ‘ऋत्विज’ म्हणजे दक्षिणा घेऊन प्रत्यक्ष कर्म करणारे पुरोहित. मंत्र ऋत्विज म्हणतात, आहुती ऋत्विज टाकतात, श्रम आणि कौशल्य त्यांचेच असते. तरीही मीमांसकांचा निर्णय असा, की यज्ञाचे फळ यजमानाला मिळते. दक्षिणा हा ऋत्विजाच्या श्रमाचा मोबदला आहे, त्याला ‘परिक्रय’ म्हणतात, आणि मोबदला घेतल्यावर फळावरचा हक्क उरत नाही. कर्म आणि फळ यांच्यामध्ये जी अदृश्य शक्ती मीमांसकांनी मानली, जिला ‘अपूर्व’ अशी संज्ञा आहे, ती यजमानाच्या ठायी उपजते. पगार घेऊन, सरकारी तिजोरीतील पैशाने, सरकारच्या आदेशाने धरण बांधणारा अभियंता या दृष्टीने निःसंशय ऋत्विज ठरतो.

हे उत्तर अभियंत्यांच्या चाहत्यांना कोरडे वाटेल. पण त्यात अभियंत्याची अवहेलना मुळीच नाही. ऋत्विजाचा धर्म यजमानाच्या धर्मापेक्षा वेगळा असतो, एवढेच ते सांगते. सोमयागातील सोळा ऋत्विजांमध्ये ‘ब्रह्मा’ नावाचा एक असतो. तो वेदीच्या दक्षिणेला आसन घालून बहुतेक वेळ मौन बसतो. तो मंत्रघोष करीत नाही आणि पुढे पुढेही करीत नाही. कोणत्या ऋत्विजाच्या हातून कोणती चूक झाली हे तो पाहतो आणि चूक झाली की तिचे प्रायश्चित्त करतो. ब्राह्मणग्रंथांनी त्याला यज्ञाचा वैद्य म्हटले आहे आणि यज्ञाचा अर्धा भार त्याच्या एकट्याच्या मनावर असल्याचे सांगितले आहे. बांधकामाच्या जगाला ही कल्पना परकी नाही. चुन्याच्या गिलाव्याखाली काय दडले आहे, पायाचा खडक किती खोलीवर लागला, काँक्रीटच्या चौकोनी नमुन्यांनी दाबाखाली किती भार सोसला, हे पाहणारा माणूस समारंभात दिसत नाही, पण त्याचे लक्ष ढळले तर सर्व कर्म व्यर्थ होते.

या दृष्टीने पुण्याच्या या संस्थेतून १८८३ मध्ये एल.सी.ई. ही स्थापत्याची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवणाऱ्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या कारकिर्दीकडे पाहता येते. त्यांच्याविषयी एवढे कौतुकाने लिहिले गेले आहे, की काम मागे पडून मूर्तीच तेवढी उरली आहे. म्हणून येथे केवळ दोन कामांपाशी थांबणे बरे. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झाल्यावर त्यांनी नाशिक, खानदेश, सिंध, सुरत आणि पुणे या भागांत काम केले आणि सिंधमधील सक्करची नळयोजना मार्गी लावली. पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयाच्या सांडव्यावर १९०३ च्या सुमारास त्यांच्या रचनेचे स्वयंचलित दरवाजे बसले. सांडवा म्हणजे धरण भरल्यावर जादा पाणी बाहेर जाण्याची वाट. तीवर दरवाजे लावले की साठा वाढतो. पण पूर आला आणि दरवाजे वेळेवर उघडले नाहीत, तर धरणावर संकट येते. विश्वेश्वरय्यांची रचना अशी होती, की पाणी ठरावीक पातळीवर चढले की त्याच पाण्याच्या जोराने दरवाजे उघडावेत आणि पातळी उतरली की आपोआप मिटावेत. रात्री-अपरात्री कोणी पहारेकरी झोपला, तरी चूक होऊ नये अशी ती योजना होती. ब्रह्म्याचे जागरण त्यांनी लोखंडात आणि वजनांत बसवले, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक ठरणार नाही.

दुसरे काम अधिक खोल आहे आणि त्याची चर्चा मात्र फार कमी होते. १८९९ मध्ये दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत मांडली. कालव्याच्या मुखाशी असलेले शेतकरी बारमाही उसाला भरमसाट पाणी घेत, शेपटाकडच्या गावांना ते पोहोचत नसे, आणि जेथे पोहोचत असे तेथे जमिनी पाणथळ होऊन हिवताप पसरे. विश्वेश्वरय्यांनी सुचवले, की पाणी एका जागी साचू न देता अनेक गावांत ठरावीक क्षेत्राचे गट पाडावेत, गटात पिकांची फेरपालट व्हावी आणि पाणी मोजून द्यावे. खानदेशात, जेथे त्यांची सुरुवातीची नोकरी झाली होती, पांझरा-मोसम खोऱ्यांतील गावे शतकानुशतके ‘फड’ पद्धतीने हेच करीत होती. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागून, कोणत्या वर्षी कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे गावाने मिळून ठरवायचे आणि पाटकऱ्याने प्रत्येकाच्या शेतात पाणी सोडायचे, अशी ती रीत होती. ‘सर्व प्राण्यांसाठी’ ही उत्सर्गातील प्रतिज्ञा पुरोहिताच्या तोंडी सोपी असते. ती खरी करायची, तर शेवटच्या शेताच्या चारीत पाणी किती दिवसांनी आणि किती वेळ वाहील, याचे वेळापत्रक लागते. उत्सर्गाला ज्या गोष्टीची उणीव होती, ती ब्लॉक पद्धतीने भरून काढली, असे प्रस्तुत विवेचनाचे मत आहे.

मात्र याच जागी भारतीय परंपरेचे मोठे पाप समोर येते आणि ते डावलून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या तळ्यांवर ‘सर्व प्राण्यांसाठी’ असा उत्सर्ग झाला, त्याच तळ्यांवर अस्पृश्यांना पाणी भरण्याची बंदी होती. गाईची शेपटी धरून यजमान तळ्यात उतरला, पण काठावरचा माणूस बाहेरच राहिला. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा शास्त्रोक्त विधीशिवाय खरा उत्सर्ग झाला होता. फुले स्वतः बांधकामाच्या व्यवसायात होते, खडकवासल्याच्या धरणाच्या बांधकामाला साहित्य पुरवण्याचे कंत्राट त्यांनी घेतले होते, आणि म्हणून इंजिनिअर खात्यावर त्यांनी केलेली टीका ऐकीव नव्हती. ज्या १८८३ साली विश्वेश्वरय्या पुण्यात पदवीधर झाले, त्याच साली, त्याच पुण्यात, फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला आणि त्यात डोंगर-टेकड्यांवर ताली-बंधारे घालून पाणी मुरवावे, त्यासाठी सरकारने पलटणीतले शिपाई कामाला लावावेत, असे सुचवले. एकाच गावात, एकाच वर्षी, पाण्याचा विचार दोन टोकांनी सुरू झाला. एकाने तो मोठ्या साठ्याच्या बाजूने केला आणि दुसऱ्याने शेतकऱ्याच्या बांधाच्या बाजूने. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळ भरली आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांचा त्या पाण्यावरील हक्क मान्य केला, तेव्हा उत्सर्गाचा मूळ अर्थ एका न्यायालयीन निर्णयाने प्रथमच पुरा झाला. विश्वेश्वरय्यांच्या विचारातील मर्यादाही येथेच दिसते. म्हैसूरचे दिवाण असताना ब्राह्मणेतरांना सरकारी नोकऱ्यांत प्रतिनिधित्व देण्याच्या धोरणाशी त्यांचे मतभेद झाले आणि १९१८ मध्ये त्यांनी पद सोडले. गुणवत्ता हा त्यांचा निकष होता. कालव्याच्या मुखाशी बसलेल्याला अधिक पाणी मिळते हे त्यांनी अचूक हेरले होते. शिक्षणाच्या आणि नोकरीच्या कालव्यावरही काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या मुखाशीच बसलेली आहेत, हे मात्र त्यांच्या हिशेबात आले नाही.

ऋत्विजाचा धर्म म्हणजे निष्काम कर्म, असे उत्तर विश्वेश्वरय्यांच्या पिढीतील अनेकांना सुचले असते आणि त्याला भक्कम आधारही होता. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ लोकसंग्रह, म्हणजे समाज धरून ठेवण्यासाठी केलेले कर्म, हाच गीतेचा गाभा मानते, आणि रस्ते-कालवे बांधणाऱ्या सुशिक्षिताला हा विचार आपलासा वाटावा हे स्वाभाविक आहे. तरीही येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. फलत्याग म्हणजे आपल्याला मिळणाऱ्या फळाची इच्छा सोडणे. आपल्या कर्माचे जे फळ दुसऱ्याच्या अंगावर कोसळते, त्याचा विचार सोडण्याची मुभा त्यात नाही. बढती, पदवी, नाव यांचा लोभ नसलेला अभियंता थोर असेल. पण त्याच्या भिंतीमुळे कोणाचे घर बुडाले याविषयीही तो निरिच्छ राहिला, तर ती निष्कामता मुळीच नव्हे.

१२ जुलै १९६१ चा दिवस या दृष्टीने पुणेकरांच्या स्मरणात कायमचा राहिला. मुठेच्या उपनदीवरील पानशेतचे मातीचे धरण, ज्यात कामे पुरी होण्याआधीच पावसाळ्याचे पाणी साठू लागले होते, त्या सकाळी फुटले. तो लोंढा खाली आला आणि खडकवासल्याचे जुने दगडी धरणही त्याच्यापुढे टिकले नाही. नदीकाठचे पुणे पाण्याखाली गेले. ज्या धरणाच्या सांडव्यावर विश्वेश्वरय्यांनी आपले दरवाजे बसवले होते, ते धरण फुटले तेव्हा विश्वेश्वरय्या वयाच्या शंभरीच्या आसपास होते आणि त्यानंतर नऊ महिन्यांनी, एप्रिल १९६२ मध्ये, त्यांचे निधन झाले. एका यंत्राच्या जागरूकतेने संपूर्ण खोरे सुरक्षित होत नाही. वरच्या धरणावरची घाई खालच्या धरणाच्या सगळ्या सावधगिरीला बुडवते. कर्म एकट्या माणसाचे नसते, ते खोऱ्याचे असते, आणि म्हणून प्रायश्चित्तही खोऱ्याच्या प्रमाणावर करावे लागते.

हे खोऱ्याचे भान ज्यांच्या कारकिर्दीत सर्वांत ठळक दिसते, ते याच संस्थेचे पदवीधर माधवराव चितळे. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यातून केंद्र सरकारच्या जलसंसाधन मंत्रालयाच्या सचिवपदापर्यंत ते पोहोचले आणि १९९३ मध्ये त्यांना स्टॉकहोम जलपुरस्कार मिळाला. वाल्मीकिरामायणाचे ते अभ्यासक, ही गोष्टही येथे सहज नोंदवण्यासारखी आहे. परंतु या लेखाच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे. महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी १९९९ मध्ये जो अहवाल दिला, त्याने नियोजनाचा पाया प्रकल्पावरून नदीखोऱ्यावर आणला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली, त्यानंतरच्या सत्यशोधन समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पुढे राज्यातील सिंचन प्रकल्पांची कामे व खर्च तपासणाऱ्या विशेष चौकशी पथकाचे नेतृत्वही त्यांनी केले. उमेदीच्या काळात धरणे उभारणाऱ्या माणसाने उतारवयात कागदपत्रे, मोजमापे आणि अंदाजपत्रके तपासत बसावे, हे लौकिक अर्थाने उतरत्या दर्जाचे काम वाटू शकेल. ऋत्विजांच्या मांडणीत मात्र हीच सर्वांत अवघड जागा आहे, वेदीच्या दक्षिणेची.

संस्थेच्या पदवीधरांपैकी सर्वांनी सरकारची दक्षिणा घेतली असे नव्हे. वाईजवळच्या पसरणीहून आलेले बाबूराव गोविंदराव शिर्के हे १९४३ चे पदवीधर स्वतःच्या बांधकाम व्यवसायात उतरले आणि पूर्वनिर्मित भागांनी मोठ्या संख्येने घरे उभारण्याचे तंत्र त्यांनी भारतात रुजवले. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीचे क्रीडासंकुल त्यांच्याच कंपनीने बांधले. नफ्यासाठी केलेले बांधकाम पूर्त नव्हे, हे शास्त्रानुसार सरळ आहे. पण स्वस्त घर ज्याला मिळते त्याच्या डोक्यावरचे छप्पर त्यामुळे कमी खरे ठरत नाही. पुण्याचा हिशेब आणि लोकांच्या हिताचा हिशेब हे दोन निरनिराळे आहेत, एवढे मान्य करून पुढे जावे.

तर मग यजमान कोण? सरकार, हे पहिले उत्तर. पण सरकार हे कायदेशीर नाव आहे, त्याचे स्वतःचे द्रव्य असे काही नसते. करदाते, हे दुसरे उत्तर, आणि ते बरेचसे योग्य आहे. मीमांसेत ‘सत्र’ नावाचा यज्ञाचा एक प्रकार सांगितला आहे, ज्यात दक्षिणा नसते, कारण सर्व ऋत्विज स्वतःच यजमान असतात आणि फळ सर्वांचे असते. लोकशाहीतील सार्वजनिक काम म्हणजे असे एक मोठे सत्रच, अशी कल्पना आकर्षक आहे. तिच्यात एक अट मात्र विसरली जाते, ती म्हणजे सत्रात बसणारा प्रत्येक जण स्वतःचा संकल्प स्वतः करून बसतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सार्वजनिक हेतू काय हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला आणि जमीन देणाऱ्याच्या संमतीला जागा ठेवली नाही. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी पेट्याच्या मावळ्यांनी तेथील धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो नेमका याच संकल्पाच्या हक्कासाठी होता. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, पण तोपर्यंत अनेक खोरी पाण्याखाली गेली होती, आणि कायद्याच्या कागदावरची जमीन प्रत्यक्ष नांगराखाली येईपर्यंत कित्येक घराण्यांच्या दोन पिढ्या गेल्या.

उत्सर्गाची व्याख्या पुन्हा आठवावी: जो आपले स्वत्व कोणा एका स्वीकारणाऱ्याच्या नव्हे, तर सर्वांच्या नावे सोडतो, तो उत्सर्ग करतो. धरणाच्या बाबतीत आपले स्वत्व असे कोणी सोडले? अभियंत्याने पगार घेतला, ठेकेदाराने बिल घेतले, करदात्याने थोडासा कर दिला आणि त्या बदल्यात वीज व पाणी घेतले. ज्याच्या आजोबांनी लावलेले आंबे, ज्याच्या आईच्या चुलीची जागा, ज्याच्या कुळाचा देव पाण्याखाली गेला आणि ते पाणी वीस-तीस कोसांवरच्या अनोळखी माणसाच्या उसाला मिळाले, त्यानेच सर्वांच्या नावे आपले सोडले. त्याच्याकडून ते सोडवून घेतले गेले, त्याने आपण होऊन सोडले नाही, हा आक्षेप बरोबर आहे. पण त्यामुळे त्याचे यजमानपण कमी होत नाही. उलट इतर सर्वांवर त्याचे ऋण चढते. संकल्प त्याला करू दिला नाही, हा विधीचा दोष आहे आणि दोषाचे प्रायश्चित्त ऋत्विजांनी करायचे असते. अभियंत्याचे यश किती टीएमसी, म्हणजे किती अब्ज घनफूट, पाणी अडवले यावर मोजण्याची रीत पडली आहे. ते यजमानाला त्याची जमीन, शाळा आणि देऊळ दुसरीकडे कधी व कसे मिळाले यावरही मोजले जायला हवे, आणि हे मोजमाप धरणाच्या मूळ नकाशाइतकेच अभियंत्याच्या कामाचा भाग आहे.

भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले. सुमारे ११७ टीएमसी पाण्याच्या त्या साठ्याने सोलापूर जिल्ह्याचे रूप पालटले. त्याच्या फुगवट्याखाली इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव गेले. तेथील पळसनाथाचे मंदिर पूर्ताच्या जुन्या काळातले आहे. कोणा यजमानाने ते बांधले, सोडून दिले आणि शतकानुशतके गावाने ते वापरले. लिंग नव्या गावठाणात हलवले गेले, देऊळ तेथेच राहिले. ज्या वर्षी पाऊस कमी पडतो, त्या वर्षी मे महिन्यात पाणी उतरू लागते आणि प्रथम शिखराचे टोक, मग शिखराचा कोरीव भाग, मग मंडपाचे काळे दगड वर येतात. दगडांच्या सांध्यांत सुकलेला गाळ भरलेला असतो, भोवतालची जमीन तडकून तिची ढेकळे झालेली असतात, आणि जुन्या गावची माणसे नावेतून किंवा चिखल तुडवीत दर्शनाला येतात. ज्या गाभाऱ्यात देव नाही, त्याच्या उंबऱ्यावर ती डोके टेकवतात. एका पूर्ताने दुसरे पूर्त बुडवले, याहून सरळ साक्ष मिळणार नाही. जुने मोडकळीस आलेले तळे किंवा देऊळ पुन्हा उभे करणाऱ्याला नवे बांधणाऱ्यापेक्षाही अधिक पुण्य सांगणाऱ्या आणि तळे फोडणाऱ्याला कठोर दंड सांगणाऱ्या शास्त्रकारांना या प्रसंगी कोणता निर्णय देता आला असता, हे सांगणे कठीण आहे. कारण त्यांच्यापुढे पूर्ताविरुद्ध पूर्त असा खटला कधी आलाच नव्हता.

जुन्या बारवांच्या आणि तळ्यांच्या शिलालेखांची एक रूढ रचना असते: आरंभी मंगलवचन, मग काल, मग ज्याने आपले दिले त्याचे नाव, आणि क्वचित अगदी शेवटी बांधणाऱ्या सूत्रधाराचे. धरणांच्या कोनशिलांवर आज उद्घाटकाचे नाव असते. बुडालेल्या गावांची नावे कोरण्याची पद्धत अजून रुजलेली नाही. सूत्रधाराला, म्हणजे अभियंत्याला, शेवटच्या ओळीत स्थान आहेच आणि ते त्याने अभिमानाने घ्यावे. पण दात्याची ओळ त्याच्या आधी येते, आणि शास्त्राच्या हिशेबाने उजनीच्या शिलेवर ती ओळ पळसदेवपासून सुरू व्हायला हवी.